एका वेळी एकच

गोळ्यांचं पाकीट कापायची एक रीत असते. ज्या कडेला बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असते, ती कड शेवटपर्यंत दुकानात ठेवायची; कात्री लावायची ती दुसऱ्या बाजूनं. लग्न होऊन मिरजेत आले आणि सासऱ्यांच्या मेडिकलमध्ये पहिल्यांदा काउंटरच्या आत उभी राहिले, तेव्हा अण्णांनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. डी.फार्म.च्या दोन वर्षांत ती कुणी सांगितली नव्हती. आज एकतीस वर्षं झाली, हात आपोआप पाकीट फिरवतो, तारीख आपल्याकडं ठेवतो आणि कापतो.

बेडगच्या बाजूचे एक आजोबा दर पाच दिवसांनी येतात. रक्तदाबाच्या पाच, साखरेच्या पाच. पैशाची अडचण म्हणावी तर तसं नाही. घरी द्राक्षबाग आहे, येतात ते नातवाच्या मोटरसायकलवर मागं बसून. महिन्याचं एकदम न्या, हेलपाटा वाचेल, असं मी सुरुवातीला सांगायची. एकदा त्यांनी कारण सांगितलं. "म्हातारी गेली तवा डबाभर गोळ्या उरल्या हुत्या, ताई. त्या टाकून देताना लई वंगाळ वाटलं. पाचच द्या. म्होरलं म्होरं बघू." त्यानंतर मी कधी आग्रह केला नाही.

गेल्या दिवाळीत माझ्या बहिणीचा मुलगा पुण्याहून आला होता. संगणकाला शिकवायचं काम करतो तो; कृत्रिम बुद्धिमत्ता हा त्याच्या पोटापाण्याचा विषय. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक कमी होतं म्हणून स्टूल ओढून माझ्याजवळ बसला होता. आजोबांचं ते 'म्होरलं म्होरं' त्यानं ऐकलं. ते गेल्यावर बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "अगं मावशी, माझ्या वयाच्या माणसांना कदाचित मरावंच लागणार नाही." बत्तीस वर्षांचा मुलगा. तो हे इतक्या साध्या आवाजात बोलला, की मी हातातली कात्री खाली ठेवली.

मग दोन संध्याकाळ आम्ही तेच बोलत होतो. त्याचं म्हणणं मी इथं नीट मांडते, कारण ते ऐकून सोडून देण्यासारखं नाही. दुसऱ्या महायुद्धात, संगणकाचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगबरोबर सांकेतिक संदेश उलगडणारे आय. जे. गुड नावाचे ब्रिटिश गणितज्ञ होते. त्यांनी १९६५ मध्ये लिहिलं, की बुद्धीच्या प्रत्येक कामात माणसाला मागं टाकणारं यंत्र एकदा तयार झालं, की यंत्र बनवणं हेही बुद्धीचंच काम असल्यामुळे ते स्वतःहून सरस यंत्र बनवेल, ते त्याहून सरस, आणि माणसाला आणखी काही शोधायची गरज उरणार नाही. (गुडनी त्यात एक अटही घातली होती: ते यंत्र आपल्या ताब्यात कसं ठेवायचं हे आपल्याला सांगण्याइतकं ते आज्ञाधारक हवं. ही अट लोक पटकन विसरतात.) पुढं रे कुर्झवाइल या अमेरिकी संशोधकांनी, यंत्राची बुद्धी माणसाला फार मागं टाकेल त्यासाठी २०४५ हे सालच देऊन टाकलं. त्यांचा हिशेब असा, की आपण जगतो ते दर वर्षी खात्यातून एक वर्ष खर्च करतो. विज्ञानानं दर वर्षी खात्यात एकाहून जास्त वर्ष भरायला सुरुवात केली, की खातं रिकामं होत नाही. तो दिवस येईपर्यंत तग धरली, की झालं.

"तू गोळ्या विकतेस, तूच सांग," भाचा म्हणाला. "म्हातारपण म्हणजे दुरुस्त न झालेली मोडतोडच ना? मग दुरुस्ती का नाही होणार?"

मला याचं उत्तर लगेच देता आलं नाही. रात्री अंथरुणावर पडले आणि माझ्या आजीचा शब्द आठवला. तासगावला माहेरी कुणाचा वाढदिवस असला, की आजी ओवाळताना म्हणायची, "औक्षवंत हो, अजरामर हो." दारात कुणी तेल मागायला आलं तर तिला रिकाम्या हातानं पाठवणं पटत नसे, अश्वत्थामा असला तर? कपाळावरची भळभळती जखम घेऊन तो युगानुयुगं तेल मागत हिंडतोय. सात चिरंजीवांत त्याचं नाव पहिलं घेतात आणि चिरंजीव असणं ही त्याला मिळालेली शिक्षा आहे. लग्नपत्रिकेत मुलाच्या नावामागं आपण 'चि.' छापतो तेव्हा हे कुणाच्या मनात येत नाही.

अजरामर. अजर आणि अमर. आपल्या भाषेनं हे दोन शब्द जोडून ठेवले खरे, पण ते दोन आहेत. अजर म्हणजे ज्याला म्हातारपण नाही. अमर म्हणजे ज्याला मरण नाही. अश्वत्थामा जखम न भरता अमर. आणि माझा भाचा ज्याबद्दल बोलत होता ते खरं तर अजर होणं. या दोन शब्दांमधली फट मला त्या रात्री पहिल्यांदा दिसली, आणि ती किती रुंद आहे याचा हिशेब १८२५ मध्येच झालेला आहे.

लंडनमध्ये विम्याचं गणित करणारे बेंजामिन गोम्पर्ट्झ यांच्या लक्षात आलं, की मोठेपणी माणसाच्या मरणाची शक्यता ठरावीक वेगानं दुप्पट होत जाते. आजच्या आकड्यांत साधारण आठ वर्षांनी एकदा. चाळिशीत जो धोका, त्याच्या दुप्पट अठ्ठेचाळिशीत, चौपट छप्पनात. म्हातारपण म्हणजे ही दुप्पट होत जाणारी रक्कम, सावकाराच्या व्याजासारखी. आता समजा एखाद्या औषधानं ही वाढ थांबवली आणि माणूस कायम पंचविशीच्या धोक्यावर राहिला. तो धोका वर्षाला हजारात एक धरला, तर सरासरी आयुष्य हजार वर्षांच्या घरात जातं. हजार वर्षं! देवगिरीच्या यादवांचं साम्राज्य उभं राहायच्याही आधी जन्मलेला माणूस आज दुकानात येऊन खोकल्याचं औषध मागेल. पण तो अमर नाही. त्याच्याही वाटेत पंढरपूर रस्त्यावरचा ट्रक आहे, साप आहे, पूर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी पंचेचाळीस. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी नाव उलटली. त्या पाण्यात म्हातारी माणसं होती, तशी अंगावरची बाळंही होती. नदीनं कुणाच्या पेशी म्हाताऱ्या आहेत ते विचारलं नाही.

म्हणून यंत्र अमर करील का, या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते मी ठामपणे देते. अजर करील का, हा खरा प्रश्न.

याबाबतीत माझ्या कपाटातच दोन औषधं आहेत. एक मेटफॉर्मिन. साखरेची ही गोळी न मागणारं घर मिरजेत शोधावं लागेल. १९५७ मध्ये फ्रान्समध्ये झाँ स्टेर्न यांनी ती मधुमेहासाठी पुढं आणली, इतकी जुनी आणि स्वस्त, की तिच्यात कुणाला नफा दिसत नाही. दुसरं सिरोलिमस, मूत्रपिंड बदललेल्या माणसाचं शरीर नवा अवयव नाकारू नये म्हणून देतात ते. १९६४ च्या मोहिमेत पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतल्या एका जिवाणूत ते सापडलं. २००९ मध्ये अमेरिकेत ते सहाशे दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या साठीत असलेल्या उंदरांना दिलं, तर माद्या सुमारे चौदा टक्के आणि नर नऊ टक्के जास्त जगले. म्हातारपणी सुरू केलेल्या औषधानंही आयुष्य वाढलं, हे वाचून मी त्या डबीकडं वेगळ्या नजरेनं पाहायला लागले.

मग माणसांचं काय? मेटफॉर्मिन म्हातारपण लांबवतं का हे तपासायची एक मोठी चाचणी अमेरिकेत नीर बार्झिलाई यांनी आखली. ६५ ते ७९ वयाची तीन हजारांवर माणसं, आणि सहा वर्षं. सहा वर्षं, कारण साठीपुढच्या माणसांना आजार केव्हा गाठतात हे बघायचं, तर त्यांना तेवढं जगू द्यायला लागतं. माकडांवरचे प्रयोग तर याहून लांबले. कमी खाल्ल्यानं आयुष्य वाढतं का हे पाहायला अमेरिकेत दोन ठिकाणी १९८० च्या दशकाच्या शेवटी माकडं ठेवली. एका ठिकाणचा निष्कर्ष आला २००९ मध्ये, वाढतं. दुसऱ्या ठिकाणचा २०१२ मध्ये, वाढत नाही. वीस-पंचवीस वर्षं राबून शास्त्रज्ञ केस पिकवून बसले, आणि उत्तरं दोन.

माझं म्हणणं इथं येऊन अडतं. म्हातारपणाचा प्रश्न शरीराला विचारावा लागतो, आणि शरीर त्याच्याच चालीनं उत्तर देतं. आमच्या गावात सतारी आणि तंबोरे बनतात. त्यासाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात आणि छताला टांगून वाळत ठेवलेले असतात. कारागीर कितीही गुणी असू दे, भोपळा वाळायचा तेवढा वाळतोच. घाईनं वाळवला की तडा जातो.

भाच्यानं यावर मला आल्फाफोल्ड सांगितलं, आणि ते सांगताना त्याचे डोळे चमकत होते. प्रथिनाची साखळी कशी दुमडते हे कोडं जीवशास्त्रानं पन्नास वर्षं उराशी बाळगलं होतं. एका प्रथिनाचा आकार काढण्यात संशोधकांची वर्षं जायची. २०२० मध्ये आल्फाफोल्डनं, म्हणजे गूगलच्या डीपमाइंड कंपनीच्या यंत्रानं, ते बहुतांशी सोडवलं आणि २०२२ पर्यंत वीस कोटींवर आकार जगाला फुकट खुले केले. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल ते यंत्र घडवणाऱ्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना डेव्हिड बेकर यांच्याबरोबर मिळालं. हे ऐकताना माझ्याही अंगावर काटा आला, ते नाकारत नाही. पण त्या यंत्राला शिकायला वही होती. १९७१ पासून जगभरच्या प्रयोगशाळांनी एकेक करून काढलेले दीड लाखांहून जास्त आकार, नीट नोंदवून ठेवलेले. यंत्राची हुशारी त्या घामावर उभी आहे. म्हातारपणाची तशी वही कुणी लिहून ठेवलेली नाही. हे औषध घेतलेली हजार माणसं सव्वाशे वर्षं निरोगी जगली, अशी एकही ओळ तिच्यात नाही. माहितीतला सर्वांत दीर्घायुषी माणूस म्हणजे फ्रान्सच्या झान कालमाँ, १२२ वर्षं. त्या १९९७ मध्ये गेल्या, आणि त्यानंतर कुणी तिथवर पोचलेलं नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास आपलं सरासरी आयुष्य बत्तीसच्या आसपास होतं, आज सत्तरीच्या आसपास आहे. ही वाढ बाळं आणि बाळंतिणी वाचल्या, पटकी-देवी हटली, प्रतिजैविकं आली याची. म्हातारपणापर्यंत पोचणारे वाढले. म्हातारपणाची भिंत हलली नाही.

"पण सगळा प्रयोग संगणकातच केला तर?" त्यानं विचारलं. "पेशी, रक्त, मेंदू, सगळं संगणकात. सहा वर्षं सहा मिनिटांत."

त्यानंच मला त्या कृमीची गोष्टही सांगितली, आणि ती त्याच्या बाजूची नव्हती तरी सांगितली, म्हणून मला तो मुलगा फार आवडतो. मिलिमीटरभर लांबीची एक पारदर्शक कृमी आहे, तिला चेतापेशी मोजून ३०२. त्यांची जोडणी कशी आहे याचा नकाशा १९८६ मध्ये छापून झाला. जवळजवळ चाळीस वर्षं झाली, पण तो नकाशा संगणकात घालून ती कृमी हुबेहूब जगवणं अजून जमलेलं नाही. फळमाशीचा मेंदू, सुमारे एक लाख चाळीस हजार चेतापेशी, २०२४ मध्ये पूर्ण नकाशात आला. माणसाच्या मेंदूत आठ हजार सहाशे कोटी आहेत. "म्हणूनच तर आपल्यापेक्षा हुशार काहीतरी लागेल," तो म्हणाला. यावर माझ्याकडं उत्तर नाही. लागेल, आणि कदाचित जमेलही. २०४५ मध्ये जमेल यावर माझा विश्वास बसत नाही, एवढंच.

औषध शोधायचा वेळ यंत्रानं कमी केलाय, हे मात्र आता दिसू लागलंय. फुप्फुसं कडक होत जातात त्या आजारावर, यंत्रानं हेरलेल्या लक्ष्यावर यंत्राच्याच मदतीनं घडवलेला एक रेणू आहे. रेंटोसर्टिब त्याचं नाव. ७१ रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि २०२५ मध्ये निष्कर्ष छापून आला, आशा वाटावी असा. रेणू सुचायला पूर्वीपेक्षा फार कमी दिवस लागले. पण रुग्णांनी तो बारा आठवडे घेतला, कारण बारा आठवडे म्हणजे बारा आठवडे.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती हेन्रिएटा लॅक्सची गोष्ट. अमेरिकेतली एकतीस वर्षांची, पाच मुलांची आई. गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं १९५१ मध्ये गेली. तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता काढून घेतल्या होत्या, आणि त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतायत. साध्या मानवी पेशी काचेत चाळीस ते साठ वेळा विभागतात आणि थांबतात, हे लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलं. त्यांच्यावर कुठंतरी मुदत छापलेली असते म्हणा ना. हेन्रिएटाच्या पेशींवरची ती मुदत पुसली गेली होती, म्हणून त्या अमर झाल्या, आणि म्हणूनच ती मेली. पेशींना मरण न आठवणं यालाच कर्करोग म्हणतात. म्हणजे अजर करणाऱ्या यंत्राला नुसतं मरण हटवून चालणार नाही. कुठली पेशी राहू द्यायची, कुठली जाऊ द्यायची, कधी, याचा तोल त्याला सापडायला हवा. आत्ता हे लिहिताना माझ्या आतड्याचं अस्तर बदलतंय, चार-पाच दिवसांत नवं येतं. तांबड्या पेशी चार महिन्यांच्या. म्हणून तर तीन महिन्यांची सरासरी साखर रक्तात वाचता येते. आणि मेंदूच्या पेशी बहुतेक जन्मापासूनच्या त्याच.

आता अण्णांविषयी लिहिलं पाहिजे. खरं तर सुरुवातीपासून त्यांच्याविषयीच लिहायचं होतं.

अण्णांनी दुकान १९७४ मध्ये काढलं. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं. कर्नाटकातूनसुद्धा माणसं येतात, झाडाखाली चूल मांडून राहतात. अण्णांना दिवसा औषधं आणि रात्री तंबोरा. गाणं शिकले होते थोडं, पण मन लागायचं ते तंबोऱ्यात. मीरासाहेब दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. तिथं उरसाला रात्रभर गाणं चालतं, अण्णा एक वर्ष चुकवत नसत. त्यांचा तंबोरा लग्नाआधीचा, इथल्याच कारागिराकडून घेतलेला. मी घरात आल्यानंतर त्याच्या खुंट्या बदलल्या. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी दोनदा बदलली. तारेनं ती झिजते आणि मग जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, बिघडते. २००५ च्या पुराच्या दमट दिवसांत तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी, उकलली, ती नवी घातली. पुढं भोपळ्याला तडा गेला, भोपळाही नवा आला. तारा तर किती बदलल्या कोण मोजणार. शेवटी जुनी म्हणावी अशी दांडी तेवढी उरली होती.

भोपळा बदलायला दिला तेव्हा मी त्या कारागीर चाचांना विचारलं होतं, एवढं सगळं बदलायचं तर नवाच का नाही घेत? त्यांनी घासता घासता उत्तर दिलं. "एका वेळी एकच बदलायचं, बेटी. नव्या भोपळ्याला आवाज कसा काढायचा ते जुनी दांडी शिकवते. सगळं एकदम बदललं तर नव्यानं विचारायचं कुणाला?"

भाचा मेंदू संगणकात उतरवून घ्यायच्या गोष्टी सांगत होता तेव्हा मला हे चाचा आठवत होते. माझा हुबेहूब नकाशा काढला, तो यंत्रात चालू केला आणि तो 'मी मावशी' म्हणाला, तरी इकडं खाटेवर पडलेली मी आहेच की, आणि मी मरणारच. तो दुसरा तंबोरा झाला. उत्तम असेल, जवारीही तशीच लागली असेल, पण अण्णांचा नव्हे. याची चव मी घेतली आहे. भाच्यानं अण्णांच्या फोनवरच्या जुन्या ध्वनिफितींवरून त्यांचा आवाज तयार केला होता. मला आनंद होईल म्हणून, प्रेमानं. मोबाइलमधून अण्णा म्हणाले, "जेवलीस का गं, सूनबाई?" आवाज त्यांचाच होता, 'गं' वरचा तो हेलसुद्धा. विचारणारं कुणी नव्हतं. मी त्याला ते पुसून टाकायला सांगितलं, आणि त्यानं लगेच पुसलं.

अण्णांना सत्त्याहत्तराव्या वर्षी कंपवात झाला. ज्या बोटांनी खुंटी केसभर पिळून ते षड्ज लावायचे, ती बोटं थरथरू लागली. लेव्होडोपा सुरू केलं, मीच द्यायची, वेळ चुकू न देता. हा आजार दिसायला लागतो तेव्हा हालचालींना लागणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या, मेंदूच्या त्या भागातल्या पेशी निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात. गोळी उरलेल्यांना हात देते, गेलेल्या परत आणत नाही. शेवटी शेवटी ते तंबोरा मांडीवर घेऊन नुसते बसायचे आणि मला म्हणायचे, तू लाव. मला ते कधीच नीट जमलं नाही. २०२२ च्या पावसाळ्यात न्यूमोनियानं ते गेले.

२०२५ च्या एप्रिलमध्ये मी एक बातमी वाचली आणि काउंटरवर डोळे पुसत बसले. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये दाखवलं होतं, की चार जनुकांच्या जोरावर पूर्ण वाढलेली पेशी गर्भातल्या पेशीसारखी कोरी करता येते. त्यांना २०१२ चं नोबेल मिळालं. त्यांच्याच क्योटो विद्यापीठात अशा कोऱ्या केलेल्या पेशींपासून चेतापेशी घडवून त्या कंपवाताच्या सात रुग्णांच्या मेंदूत सोडल्या. गाठी झाल्या नाहीत, गंभीर अपाय झाला नाही, आणि त्या पेशी डोपामिन बनवू लागल्या. सातच माणसं आहेत, हे फार आरंभीचं काम आहे, मला कळतं. पण जुन्या मेंदूत थोड्याशा नव्या पेशी, आणि जुन्या त्यांना शिकवतायत! चाचा म्हणाले होते तेच हे. असलं अजरपण मला पटतं. यंत्र फार शहाणं झालं आणि त्यानं अशा दुरुस्त्या एकामागून एक शोधल्या, मेंदूची, मग हृदयाची, मग गुडघ्यांची, वाजता तंबोरा न थांबवता, तर त्या वाटेनं माणूस कुठवर जाईल ते मी आज सांगू शकत नाही. दीडशे वर्षं? तीनशे? जाऊ दे की. मी आडवी येणार नाही. मरणामुळेच आयुष्याला गोडी आहे असं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी अण्णांचे हात पाहिले नव्हते. त्या हातांत गोड काही नव्हतं.

मला भीती वाटते ती दुसऱ्या दोन गोष्टींची. एक गुड यांची विसरलेली अट. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एका दिवशी भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. ते ज्यांना मिळालं त्यांतले जेफ्री हिंटन, ही यंत्रं आपल्या हाताबाहेर जाण्याचा धोका आहे हे मोकळेपणी सांगता यावं म्हणून गूगल सोडून बाहेर पडलेले. दुसऱ्याच दिवशी रसायनशास्त्राचं, आल्फाफोल्डचं. एकाच आठवड्यात एकीकडं आशा आणि एकीकडं धास्ती, दोन्हींना सोन्याचं पदक. मी दोघांचंही ऐकते.

दुसरी भीती रांगेची. २०२१ च्या एप्रिलमध्ये रेमडेसिव्हिरसाठी माणसं रात्री दोन वाजता शटर वाजवायची. माझ्याकडं नव्हतं. ते फारसा उपयोग करत नाही असं जगभरचे जाणकार तोवर म्हणू लागले होते, पण बाप श्वासासाठी धडपडत असताना कोण ते वाचत बसतो. एका मुलानं हातातलं घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं होतं. अजर होण्याचं औषध पहिल्यांदा निघेल तेव्हा अशीच रांग लागेल, आणि काहीजण रांगेत उभे न राहताच ते घेऊन गेलेले असतील. म्हातारपण आजवर सगळ्यांना सारखं येत होतं. ती एक बरोबरी गेली तर मिरजेच्या बाजारात कोण कुणाच्या तोंडाकडं बघेल, याचा विचार मला झोपू देत नाही. यंत्रानं रेणू शोधला तरी वाटायचं कसं हे आपल्यालाच ठरवावं लागणार.

भाचा जायच्या दिवशी मी त्याला विचारलं, अण्णा अजर असते तर मला हा काउंटर मिळाला असता का? तो म्हणाला, "मिळाला नसता." मग थोडं थांबून, "पण तू त्यांच्या शेजारी उभी राहिली असतीस." हे मला सुचलं नव्हतं. अण्णा अडुसष्टाव्या वर्षी मागं सरले, पण पुढची सहा-सात वर्षं रोज अकरा वाजता येऊन त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे. डॉक्टरांचं अक्षर लागेना की मी चिठ्ठी त्यांच्याकडं धरायची. दुकानातलं मी काय शिकले ते तेव्हा शिकले. ते दिवस आणखी लांबले असते, पन्नास वर्षं लांबले असते, तर मी नको म्हटलं नसतं.

तंबोरा आता भाच्याकडं पुण्याला आहे. चाचांच्या मुलानं त्याची दांडीही बदलली. वाळवी लागली होती. भोपळा तोच ठेवला, त्यानं नव्या दांडीला शिकवलं असेल.

गेल्या मंगळवारी बेडगचे आजोबा आले. मी सवयीनं कात्री उचलली.

"आज तीस-तीस द्या," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं. नातू गाडीवरून म्हणाला, "औंदा नवी बाग लावलीया, ताई. दोन एकर." द्राक्षाची नवी बाग पहिलं पीक द्यायला दीड-दोन वर्षं घेते. आजोबा काही बोलले नाहीत. मी दोन्ही गोळ्यांची तीन-तीन पाकिटं अख्खी काढून समोर ठेवली. त्यांनी त्यातलं एक उचललं, डोळ्यांजवळ नेलं, कडेचं बारीक छापलेलं अक्षर त्यांना दिसेना.

"मुदत कवापतूर हाय?"

मी वाचून सांगितली.

"मंग चालंल की," म्हणाले, आणि पाकिटं सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.